पेशंटचं नाव

तुकईथडच्या स्टँडवर आप्पांनी माझी गादी बसच्या टपावर चढवली तेव्हा कंडक्टर वरून म्हणाला, "काका, अब पूरा घर ही भेज दो." आप्पा हसले नाहीत. दोरीची गाठ त्यांनी पुन्हा एकदा ओढून पाहिली, खाली उतरले, हात झटकले आणि मला काही न सांगता कंडक्टरलाच म्हणाले, "पोरगी एकटी चालली. पुढच्या सीटवर राहू दे तिले." गादीतला कापूस आमच्याच शेतातला होता. माय स्टँडवर आली नव्हती. त्या दिवशी वेचणीला बाया ठरल्या होत्या आणि बाया एकदा दुसऱ्याच्या शेतात गेल्या की आठवडाभर हाती लागत नाहीत. "पोचली की फोन कर, आन् भेऊ नको," एवढं ती सकाळी चुलीपाशीच बोलून गेली होती. बस खकनारच्या रस्त्याला लागली की डाव्या हाताला आमचं शेत येतं. माय बांधावर येऊन उभी होती, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. तिने हात वर केला. मी खिडकीची काच सरकवेपर्यंत शेत मागे गेलं.

हे मी तुकईथडच्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे. आणि माझ्याबरोबर शाळेत बसलेल्या, आता सुरतेला, इंदूरला, पुण्याला जाऊन राहिलेल्या मैत्रिणींसाठीही. तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट अर्धीच माहीत आहे. अर्धी चुकीची माहीत आहे म्हटलं तरी चालेल.

माझं नाव दीपाली. लॅबचा कोर्स मी खंडव्याला होस्टेलवर राहून केला होता, त्यामुळे घराबाहेर राहणं नवीन नव्हतं. पण होस्टेल म्हणजे सुट्टीची वाट बघणं. बऱ्हाणपूरला मी राहायला आले होते. बुधवारा भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी आणि लोधीपुऱ्यात पुष्पाकाकींच्या घरी वरची खोली. पुष्पाकाकींचा मुलगा सुरतेला, नवरा वारलेला, त्या खाली एकट्या. गल्लीत पॉवरलूमची खटखट दिवसभर चालायची. पहिल्या आठवड्यात मला त्या आवाजाने झोप लागेना, नंतर लूम बंद पडला की जाग यायला लागली.

सुरुवातीचं वर्ष सुखाचं होतं. खोटं कशाला सांगू? स्वतःच्या हाताने खोलीला कुलूप लावायचं, किल्ली पर्समध्ये टाकायची, यात मला राणी झाल्यासारखं वाटायचं. बोलण्यात हिंदी घुसली. फोनवर एकदा "आप्पा, मी थोड्या देरनं करते" म्हणाले तर आप्पा मायला म्हणाले, "घे, पोरगी शहराची झाली." लॅबमध्ये माझा हात हलका म्हणून म्हातारी माणसं माझ्याकडेच रक्त द्यायला यायची. शहरातल्या जवळजवळ सगळ्या दवाखान्यांतली माणसं आमच्याकडे सॅम्पल घेऊन यायची आणि मला नावाने ओळखायची. याचा मला अभिमान होता. हीच ओळख पुढे माझ्या गळ्याशी येणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं?

ते पहिल्यांदा झालं ती दुपार होती. एका आजोबांच्या दंडाला मी पट्टा बांधला, शीर सापडली, सुई हातात घेतली. आणि एकदम छातीत कोणी तरी मूठ आवळल्यासारखं झालं. कानात सूं आवाज. समोरचा हात दूर गेला, दुर्बीण उलटी धरल्यावर दिसतो तसा लहान. बोटं बधिर झाली. मी मरते आहे, आत्ता, या स्टुलावर, असं मला स्पष्ट कळलं. वाटलं नाही, कळलं. त्या आजोबांनीच माझ्या हातातली सुई हळूच काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "बेटी, पहले तू बैठ जा. खून कहीं नहीं जा रहा."

लॅबच्या सरांनी त्याच संध्याकाळी माझे सगळे रिपोर्ट काढले. साखर, थायरॉइड, रक्त. शेजारच्या डॉक्टरांकडून ईसीजी. सगळं नॉर्मल. सर खूश होऊन म्हणाले, "कुछ नहीं है तुझे." रोज माणसांच्या हातात नॉर्मल रिपोर्ट देताना मी त्यांचे चेहरे उजळताना बघायची. माझ्या हातात माझा आला तेव्हा माझं काळीज आणखी खाली गेलं. काहीच नाही, तर मग हे काय आहे?

ते पुन्हा आलं. भाजी घेताना आलं, आंघोळ करताना आलं, एकदा कोणाच्या तरी बारशाला पेढा तोंडात असताना आलं. मग ते यायच्या आधीच मी त्याला भिऊ लागले. गर्दीच्या दुकानात जाईना. तापीच्या पुलावरून रिक्षा जायची असेल तर अलीकडेच उतरून परत फिरायची. आणि वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणं बंद केलं. गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा आहे. मला मरायचं नव्हतं. पण माझे पायच मला न विचारता तिकडे गेले तर? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग निघेना. कपडे मी खोलीतच दोरी बांधून वाळवू लागले. पुष्पाकाकी म्हणाल्या, "ऊन सोडून अंधारात कपडे वाळवतेस, पोरी?" मी म्हटलं, वर माकडं येतात.

घरी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे कोणाबद्दल "डोक्यात फरक पडला" हे तीन शब्द एकदा बोलले गेले की पुढे त्या माणसाचं दुसरं काही उरत नाही. मुलगी असेल तर मुळीच नाही. माय फोनवर विचारायची, "जेवली का?" मी म्हणायची, जेवले. त्यातलं निम्मं खोटं असायचं.

ज्या डॉक्टरांनी ईसीजी काढला होता त्यांच्याकडे मी पुन्हा गेले. त्यांनी झोपेच्या थोड्या गोळ्या दिल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "एक बार दिमाग के डॉक्टर को दिखा लो. शर्माने की बात नहीं." शरम तर होतीच, पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. दाखवायचं कुठे?

एका मोठ्या दवाखान्यात मी रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या बाईने विचारलं, कोणाला दाखवायचं? मी हळूच सांगितलं. तिला ऐकू आलं नाही म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "मानसिक वाले को?" माझ्या मागची सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, निदान मला तसं वाटलं. ते डॉक्टर त्या दिवशी नव्हते. बुधवारी या म्हणाली. बुधवारी रजेवर होते. जळगावच्या एका दवाखान्यात फोनवरून पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. त्या तारखेला मी स्टेशनवर गेले, तिकीट काढलं, गाडी आली, दाराशी माणसांची रेटारेटी सुरू झाली आणि माझे पाय फलाटाला चिकटले. गाडी माझ्यासमोरून निघून गेली. पुन्हा फोन केला तर पुढची तारीख आणखी महिन्याने.

राहिले ते इंदूरचे डॉक्टर. ते एका आड एक रविवारी बऱ्हाणपूरला यायचे आणि एका मेडिकलच्या मागच्या हॉलमध्ये पेशंट तपासायचे. नंबर फक्त फोनवर, गुरुवारी सकाळी. फोन लागला तर लागला, तासाभरात नंबर भरून जायचे. मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून फोन लावायची. लाइन व्यस्त, व्यस्त, व्यस्त. एका गुरुवारी लागला आणि पलीकडून आवाज आला, "हां जी, बोलिए." मी फोन कापला. तो राजूभैयांचा आवाज होता. मेडिकलचे राजूभैया, जे रोज सकाळी आमच्या लॅबमध्ये सॅम्पल आणून ठेवायचे आणि "दीपाली, चाय पिला" म्हणायचे, तेच नंबर लावत होते.

त्यापुढच्या वेळी मी आवाज बदलला. नाकातून बोलले. "पेशंट का नाम?" त्यांनी विचारलं. खोटं नाव सांगायचं ठरवून बसले होते, ते ऐन वेळी तोंडातून येईना. पुन्हा फोन कापला. तिसऱ्या वेळी कापणार नाही अशी शपथ घातली स्वतःला, तर राजूभैया म्हणाले, "फुल हो गया, पंद्रह दिन बाद लगाना." पंधरा दिवस. बाहेरच्या माणसाला पंधरा दिवस म्हणजे दोन रविवार. मला संध्याकाळपर्यंत पोचायचं कसं हे समजत नव्हतं.

शेवटी मोबाइलवर डॉक्टर मिळतात असं कळलं. दिल्लीच्या एका बाईंची दुपारची वेळ मिळाली, व्हिडिओवर. खोलीत नेटवर्क धड येत नाही, आणि खाली पुष्पाकाकींना ऐकू गेलं असतं. नेटवर्क फक्त गच्चीवर. मी जिना चढले. पाण्याच्या टाकीला पाठ लावून, कठड्याकडे न बघता बसले. बाई चांगल्या होत्या. शांत बोलत होत्या. मी जेवढं जमेल तेवढं हिंदीत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "दीपाली, कभी अपनी जान लेने का ख़याल आता है?" आणि पडद्यावर त्यांचा चेहरा तसाच थांबला. तोंड अर्धं उघडं, डोळे माझ्यावर. नेटवर्क गेलं होतं. मी फोन हलवला, बंद करून चालू केला. परत जोडला गेलाच नाही.

तो प्रश्न तिथेच राहिला, माझ्यासोबत, गच्चीवर. समोर कठडा, ऊन, खाली लूमची खटखट. मला उभं राहवेना. मी टाकीच्या पाइपला धरून बसून राहिले आणि मग बसल्या बसल्या सरकत जिन्यापर्यंत आले. जिन्यात पोचल्यावर आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मले भेव वाटू राहिलं."

"कायचं?"

"कायचंच नाही. नुसतं भेव."

आप्पा शेतात होते. मागे बायांचं बोलणं ऐकू येत होतं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, देवाचं नाव घे, नाहीतर जास्त विचार करू नको. ते म्हणाले, "खाली जाय. त्या काकीपाशी बस. फोन ठेवू नको, चालूच राहू दे. मी गाडी काढतो."

मी खाली पुष्पाकाकींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले, फोन कानाला. आप्पांनी फोन शर्टाच्या खिशात टाकला असावा. मला मोटरसायकल सुरू झालेली ऐकू आली, मग वारा. फक्त वारा आणि इंजिन. मधेच आप्पांची आरोळी, "दिपे, हाय का?"

"हाय, आप्पा."

पुन्हा वारा. पुष्पाकाकी मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "कोण आहे फोनवर?" आप्पा आहेत म्हटलं. "काय म्हणतायत?" काही नाही, येऊ राहिले. काकींनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. "एक हात रिकामा आहे ना? निवड मग."

खकनारच्या पुढे कुठेतरी आवाज तुटला. हातातली मेथी खाली पडली. मला वाटलं, आता आप्पांनाही माझ्यापायी काहीतरी झालं. रस्ता, ट्रक, वळण, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग फोन वाजला. ते गाडी थांबवून उभे होते, दम लागला होता. "टावर गेला होता. मी हाय. तू हाय ना?" तुकईथडहून बऱ्हाणपूर किती लांब आहे हे मला त्या दुपारी कळलं. एरवी बसमध्ये मी झोपून जायची.

दाराशी आले तेव्हा आप्पांच्या भुवयांवर धूळ होती. ते एक तांब्या पाणी प्यायले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आता सांग. पयलेपासून सांग." मी सांगितलं. आजोबांच्या सुईपासून गच्चीपर्यंत सगळं. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "नंबर कवा लागते त्या डाक्टरचा?"

गुरुवारी सकाळी आप्पा माझ्या खोलीत फोन घेऊन बसले, लाइन व्यस्त असली की पुन्हा दाबायचे. पुष्पाकाकींनी पाठवलेला चहा थंड झाला. शेवटी लागला. राजूभैयांनी विचारलं, "पेशंट का नाम?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तुळशीराम महाजन," आप्पा म्हणाले. स्वतःचं नाव.

"उमर?"

"अठ्ठावन."

"तकलीफ क्या है?"

"भेव लगता है," आप्पा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी काही बोलणार होते, तर त्यांनी हात केला. "तू त्या लॅबमध्ये हाय. सारा गाव तुले वळखते. उद्या तुह्यं लगन हाय. माह्यं काय जाते? माह्यं झालं सारं."

पण रविवारी डॉक्टर आलेच नाहीत. हॉलचं शटर अर्धं खाली आणि बाहेर आमच्यासारखीच माणसं उभी, कोणी लांबून आलेली, एक बाई आपल्या तरण्या मुलाचा हात घट्ट धरून. "डॉक्टर साहब का आज नहीं हो पाया," आतून कोणीतरी सांगितलं. म्हणजे पुन्हा पंधरा दिवस. मला रस्त्यातच बसावंसं वाटलं. आप्पा म्हणाले, "मी राहतो."

आणि ते राहिले. वेचणीच्या दिवसांत, मायला एकटीला शेतावर टाकून. सकाळी मला बुधवाऱ्यात लॅबपर्यंत सोडायचे आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. भीती आली की मी काउंटरवरून मान वाकवून बघायची. आप्पांचा गमछा दिसायचा. भीती त्यामुळे जायची, असं मी म्हणणार नाही. ती यायची, पुरी यायची, हातपाय थंड करून जायची. पण मी पळून जात नव्हते. संध्याकाळी आप्पा मायला फोन करायचे. एकदा मी तिचं बोलणं ऐकलं, "कापूस गेला चुलीत. तुमी पोरीपासून हलू नका."

मग तो रविवार आला. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मेडिकलमधून आत यायचा-जायचा रस्ता. आम्ही भिंतीकडे तोंड होईल अशा खुर्च्या निवडल्या होत्या. तरी नशीब बघा. मेडिकलवर औषध घ्यायला आलेले भास्करकाका, ज्यांचा आणि आमचा बांध एक आहे, ते दारातून डोकावले. "अरे तुळशीराम! इथं कोनाले घेऊन बसला?" आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. पोचलंच आता गावात.

त्याच वेळी राजूभैयांनी नाव पुकारलं, "तुळशीराम महाजन!"

आप्पा उठले. "माहा नंबर आला," ते भास्करकाकांना म्हणाले. "पोरगी सोबतीले आली." गमछा खांद्यावर टाकून ते आत गेले. मी त्यांच्या मागे.

डॉक्टर तरुण होते, थकलेले. समोरच्या कागदावर नाव बघून त्यांनी आप्पांना विचारलं, "बताइए काका, क्या परेशानी है?" मला वाटलं आप्पा आता म्हणतील, मला नाही, हिला. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली. मोडक्या हिंदीत. छाती आवळते. कानात आवाज येतो. समोरचं माणूस लहान दिसतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. पुलावरून जाववत नाही. "छत पे जाने को डर लगता है साहब. मरने का मन नहीं है, पर लगता है पाय अपने आप चले जाएंगे." मी बाजूला बसून ऐकत होते. त्या दुपारी मी जे जसं सांगितलं होतं तसंच होतं सगळं, एक शब्द गाळला नव्हता. ते सांगता सांगता त्यांचा आवाज कापायला लागला. ते नाटक करत नव्हते. पंधरा दिवस टपरीवर बसून त्यांनीही ती भीती अंगावर घेतली होती.

"मेरा है," मी म्हणाले. "डॉक्टर साहब, ये सब मेरा है. मैं पेशंट हूँ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या, तरी ते माझ्याशी बोलले. दिल्लीच्या बाईंनी विचारलेला प्रश्न त्यांनीही विचारला, आणि उत्तर येईपर्यंत थांबले. आप्पांच्या समोर मला ते उत्तर द्यावं लागलं. आप्पा जमिनीकडे बघत बसले होते, गमछ्याचं टोक मुठीत. डॉक्टर म्हणाले, "तुम पागल नहीं हो रही हो. ये बीमारी है, बहुत लोगों को होती है, और इसका इलाज है. थोड़ा वक़्त लगेगा." मी रडले. तेवढं एक वाक्य ऐकायला किती दिवस लागले होते.

चिठ्ठीवर त्यांनी तुळशीराम खोडून दीपाली लिहिलं. बाहेर राजूभैयांनी ती हातात घेतली, वाचली, आणि वर पाहिलं. त्यांनी गोळ्या मोजून पाकिटात टाकल्या आणि म्हणाले, "खाना खाने के बाद लेना. पहले हफ्ते चक्कर जैसा लगेगा, घबराना मत." दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सॅम्पल ठेवताना नेहमीसारखंच, "दीपाली, चाय पिला."

गोळ्यांनी जादू झाली नाही. पहिले काही आठवडे तर वाईट गेले. वाटायचं, हे औषधही माझ्यावर चालणार नाही आणि मग मात्र काहीच उरणार नाही. पण हळूहळू दोन भीतींच्या मधलं अंतर वाढत गेलं. एक दिवस मी पुलावरून रिक्षाने गेले, डोळे मिटून, पण गेले. कपडे मी आता पुष्पाकाकींच्या सोबतीने गच्चीवर टाकते.

गावात मात्र भास्करकाकांमुळे जे पसरायचं ते पसरलंच. तुळशीराम डोक्याने गेला. पोरगी शहरात गेली ते मनाला लागलं म्हणे. लग्नाकार्यात लोक आप्पांशी सावकाश, मोठ्याने बोलू लागले, जसं लहान मुलाशी बोलतात. भांडणतंट्यात त्यांना कोणी साक्षीला बोलवेना. माय चिडायची, "सांगून का देत नाही सरळ?" आप्पा म्हणायचे, "बरं हाय की. साऱ्यायच्या भांडणातून सुटलो." ते हसायचे. पण सभेत त्यांचं बोलणं कोणी मधेच तोडलं की ते घरी येऊन बराच वेळ गप्प बसायचे, हे मायने मला सांगितलं.

मग एक दिवस आमच्या बांधावर एक बाई आली. नाव सांगत नाही. ती आप्पांना म्हणाली, "तात्या, त्या डाक्टरचा नंबर कसा लागते?" तिच्या सुनेला बाळंतपणानंतर झोप नव्हती, बाळाजवळ जायला भ्यायची. त्यानंतर आणखी एक आला. कोणी अंधार पडायला येतो, कोणी शेतात गाठतो. आप्पा आता गुरुवारी सकाळी फोन घेऊन बसतात. कधी लागतो, बऱ्याचदा लागत नाही. डॉक्टर हल्ली महिन्यातून एकदाच येतात, आणि पुढे येतील की नाही याची खात्री राजूभैयांनाही नाही. ते यायचे बंद झाले तर काय, हा विचार आला की माझे हात अजून थंड पडतात.

हे लिहायचं ठरवल्यावर मी आप्पांना सांगितलं की आता खरं लिहिते, पेशंट तुम्ही नव्हता, मी होते. त्यांचं नाव मोकळं करते. ते म्हणाले, "तुह्यं लिही. पन माह्यं नाव खोडू नको."

"का पण?"

"मले बी हे हाय आसं त्यायले वाटते म्हनून लोकं माह्याकडे येतेत. चांगल्या मानसाकडे कोन येते?"

म्हणून तुम्ही मला आणि आप्पांना, दोघांनाही पेशंट समजा. आणि ज्या तुम्ही लांब शहरात खोलीचं दार लावून, नळ सोडून कोणाला तरी फोन लावत असाल, त्यांना एवढंच, की नंबर लागत नाही म्हणून थांबू नका. मधल्या दिवसांसाठी एखाद्या माणसाला सांगा. एकाला तरी.

घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी आता पटकन बऱ्हाणपूर म्हणते. माझी चूल तिथे आहे, औषध तिथे आहे. तुकईथडला मी पाहुण्यासारखी जाते, पाहुण्यासारखी परत येते, बऱ्याच घरांत नवीन सुना मला ओळखत नाहीत. पण बऱ्हाणपुरात अजून भीती आली की मी तोंड धुवायला जाते, पाणी प्यायला जाते, काहीतरी कारण काढून उठते. गेल्या खेपेला गावी होते. जेवायला बसलो होतो आणि पहिल्या घासालाच ते आलं. मी उठले नाही. ताटावर हात ठेवून तशीच बसले. मायने हातातली भाकर परातीत ठेवली, सरकून माझ्याजवळ आली आणि पाठीला हात न लावता नुसती बसून राहिली. आप्पा जेवत राहिले, हळू हळू.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "गेलं का?"

"जाऊ राहिलं."

"मंग भाजी घे," ती म्हणाली, आणि पुन्हा भाकरीकडे वळली.